तीन कागदांच्या जाडीतला खेळ

भिंतीवरच्या घड्याळाचा तासकाटा बघा. मिनिटकाटा नव्हे, तासकाटा. तो इतका सावकाश सरकतो की डोळ्यांना दिसतच नाही. आता दोन सेकंद मोजा. एक, दोन. झाले! एवढ्या वेळात तो काटा जेवढा फिरला, जेमतेम तेवढीच चूक स्नूकरच्या एका लांब सरळ शॉटला माफ आहे. त्याहून जरा जास्त झाली, की लाल बॉल पॉकेटच्या एका जबड्यावर आपटतो, मग दुसऱ्यावर आपटतो, खडखडतो आणि बाहेरच थांबतो.

आणि तो शॉट मारणारा माणूस किती शांत दिसतो! अंगात वेस्टकोट, गळ्यात बो-टाय, हातात पाच फुटांना दोन इंच कमी असलेली काठी, म्हणजे क्यू. तो क्यू इंचभर लांब असला किंवा आखूड असला, पाय जरा इकडे पडला किंवा तिकडे पडला, त्याने असा काय फरक पडणार? हा फरक आकड्यांत मोजायला बसलं की डोकं गरगरायला लागतं. चला, बरोबरच मोजू.

आधी टेबल. म्हणायला ते बारा बाय सहा फुटी. कुशनच्या आतलं खेळायचं मैदान ३,५६९ बाय १,७७८ मिलिमीटर. हिरव्या कापडाखाली स्लेटचा दगड, सगळं मिळून वजन एक टनाच्या वर. दहा बाय दहाच्या खोलीत हे टेबल शिरणारच नाही. पण नुसतं टेबल शिरून तरी काय उपयोग? क्यू मागे ओढायला जागा नको? चारही बाजूंना सुमारे पाच-पाच फूट सोडले, की खोली होते २२ बाय १६ फुटांची. टेबल ७२ चौरस फुटांचं आणि खोली ३५२ चौरस फुटांची, जवळजवळ पाचपट! वरची २८० चौरस फूट जागा एकट्या क्यूच्या लांबीने खाल्ली. मुंबईत एवढ्या जागेत अख्खं कुटुंब संसार करतं. चौरस फुटाला ३० हजार रुपये भाव धरा. टेबलाखालच्या जमिनीचे होतात २१ लाख ६० हजार, आणि क्यू मागे-पुढे करायला सोडलेल्या मोकळ्या जागेचे ८४ लाख! आता क्यू एका इंचाने वाढवा आणि खोलीही चारही बाजूंनी एकेक इंच वाढवा. आणखी सहा चौरस फुटांहून जास्त जागा लागली. म्हणजे एका इंचाचे १ लाख ९० हजार रुपये. हा आकडा लक्षात राहू द्या. हाच इंच आपल्याला थोड्या वेळाने दुसऱ्या मापाने मोजायचा आहे.

आता शॉट लावू. पांढऱ्या बॉलपासून लाल बॉल १.८ मीटर दूर. लाल बॉलपासून कोपऱ्यातलं पॉकेट आणखी १.८ मीटर. तिन्ही एकाच रेषेत, टेबलाच्या कर्णावर. बघणाऱ्याला वाटतं, सरळच तर आहे, काय अवघड? खेळणाऱ्याच्या मात्र पोटात गोळा येतो.

बॉलचा व्यास ५२.५ मिलिमीटर. पॉकेटचं तोंड हिशेबापुरतं ८६ मिलिमीटर धरू. बॉल गेल्यावर जागा उरली ३३.५ मिलिमीटर, निम्मी डावीकडे आणि निम्मी उजवीकडे. म्हणजे एका बाजूला सतरा मिलिमीटरसुद्धा नाहीत. १.८ मीटर जाताना लाल बॉल सतरा मिलिमीटर सरकला, तर त्याचा कोन चुकला अर्ध्या अंशाने. बरं, अर्धा अंश म्हणजे काही फार वाईट नाही. पण थांबा! लाल बॉलला आपण मारतच नाही. आपण मारतो पांढऱ्याला, आणि पांढरा जाऊन लालला मारतो. दोघे भिडतात त्या क्षणी त्यांच्या केंद्रांत अंतर असतं फक्त ५२.५ मिलिमीटर, आणि तिथवर पोचायला पांढरा १,८०० मिलिमीटर चालून आलेला असतो. १,८०० भागिले ५२.५ म्हणजे चौतीस! पांढऱ्याची चूक लाल बॉल चौतीस पटींनी वाढवून पॉकेटकडे नेतो. म्हणून तो अर्धा अंश चौतीसने भागायचा. उरतो एका अंशाचा साठावा हिस्सा, आणि तोही पुरता नाही. तासकाट्याचे ते दोन सेकंद इथून आले.

हा साठावा हिस्सा टेबलावर दिसत नाही, म्हणून तो नकाशावर मांडू. सीएसएमटीवर उभे राहा आणि पुणे स्टेशनवर नेम धरा. रुळांची वळणं सोडा, बोगदे सोडा. सरळ रेषेत अंतर सुमारे १२० किलोमीटर. आता नेम तेवढ्याच कोनाने चुकवा. पुण्यात पोचेपर्यंत तुम्ही किती बाजूला गेलात? साडेबत्तीस मीटर! हल्लीचा एलएचबी डबा सुमारे २४ मीटर लांब असतो, म्हणजे दीड डबासुद्धा भरला नाही. मुंबईत सोडलेला नेम खाडी ओलांडून, सह्याद्री ओलांडून, पवना-मुळेचं खोरं ओलांडून पुण्याच्या फलाटावरच्या दीड डब्याच्या आत लागला, तर लाल बॉल पडला. दुसऱ्या डब्याच्या मधल्या खिडकीशी गेला, तर नाही पडला. आणि कोन पुरता एक अंश चुकला तर? मग पुण्यात दोन किलोमीटरांहून जास्त बाजूला. टेबलावर हाच एक अंश या टोकापासून त्या टोकापर्यंत ६२ मिलिमीटर होतो. म्हणजे तुम्ही बॉलच्या काठाला तर सोडाच, अख्ख्या बॉलच्या रुंदीला चुकलात.

पुण्याचं नाव निघालंच आहे, तर हेही सांगायला हवं. विल्सन जोन्स यांचा जन्म पुण्याचा, १९२२ सालचा. बिलियर्ड्सची हौशी जागतिक स्पर्धा त्यांनी १९५८ साली कलकत्त्यात जिंकली आणि कुठल्याही खेळातले ते पहिले भारतीय विश्वविजेते ठरले. टेबल तेच, क्यू तोच, उभं राहणंही तेच. बिलियर्ड्स-स्नूकरचा खेळाडू पंकज अडवाणी याचा जन्मही पुण्याचाच. आणि स्नूकर हा खेळच मुळी आपल्याकडे, जबलपुरात, १८७५ च्या सुमाराला ब्रिटिश फौजेच्या मेसमध्ये जन्मला.

आता नेमाची ती चूक जन्मते कुठे ते शोधू. पुढचा हात टेबलावर टेकलेला, त्याला खेळाडू ब्रिज म्हणतात. मागचा हात क्यू धरून झुलतो. क्यू १४७ सेंटिमीटरांचा. त्यातला २८ सेंटिमीटरांचा तुकडा ब्रिजच्या पुढे, टिपपर्यंत. शेवटाकडचे ९ सेंटिमीटर मुठीच्या मागे. दोन हातांच्या मधे उरले ११० सेंटिमीटर. आता ब्रिज खिळ्यासारखा घट्ट माना आणि मागचा हात जरासा बाजूला जाऊ द्या. किती गेला, की आपला साठावा हिस्सा संपला? ०.३ मिलिमीटर! झेरॉक्सचा साधा कागद असतो ०.१ मिलिमीटर जाड. तीन कागद! सत्तर किलोंचा माणूस, त्याचा खांदा, कोपर, मनगट, पाच बोटं, श्वास आणि छातीतली धडधड, या सगळ्यांनी मिळून तीन कागदांच्या जाडीच्या आत राहायचं.

मग सरळ उपाय सुचतो. क्यू लांब करा! दोन हातांतलं अंतर वाढलं, की हाताच्या तेवढ्याच चुकीचा कोन लहान होतो. भूमितीला हे शंभर टक्के मान्य आहे, आपणही मान्य करू. उलट्या बाजूने बघितलं तर हे आणखी पटतं. नियमाने क्यू तीन फुटांहून आखूड चालत नाही. तीन फुटी क्यूवर दोन हातांच्या मधे जेमतेम ५४ सेंटिमीटर उरतात. सूट किती? दीड कागद.

हा तीन फुटांचा नियम कसा आला, ती गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १४ नोव्हेंबर १९३८. लंडनचा थर्स्टन हॉल. अलेक ब्राउन विरुद्ध टॉम न्यूमन. ब्राउनने एक लाल टाकला आणि पांढरा जाऊन बसला लाल बॉलांच्या घोळक्यात. समोर काळ्या बॉलकडे जाणारी एक चिंचोळी वाट. एवढ्या गर्दीत पाच फुटी क्यू घालायचा कुठून? ब्राउनने वेस्टकोटाच्या खिशात हात घातला आणि फाउंटन पेनाएवढी एक वस्तू बाहेर काढली. पाच इंचांची आबनुसाची कांडी आणि तिच्या टोकाला क्यूची टिप! त्याने तिला चॉक लावला आणि शॉट मारला. न्यूमनने हरकत घेतली, रेफरीने कांडी तपासली, फाउल दिला आणि न्यूमनला सात गुण मिळाले. पुढच्याच महिन्यात नियम आला, की क्यू तीन फुटांहून कमी नको. त्या पाच इंची कांडीवर दोन हातांत फार तर साडेसात सेंटिमीटर उरणार. आपला लांबचा शॉट तिने मारायचा म्हटला, तर सूट किती? ०.०२ मिलिमीटर! कागदाचा पाचवा हिस्सा. केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी. काळा जवळ होता म्हणून ब्राउनला ते सुचलं, पण त्याच्या हिमतीला दाद दिलीच पाहिजे.

तर मग ५८ इंचांचा क्यू ५९ इंचांचा केला, तर नेमका फायदा किती? इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. हिशेब करू. सूट वाढली ०.००७ मिलिमीटरने! केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी. मघाचा इंच आठवतो का? तोच, १ लाख ९० हजारांची जमीन खाणारा. त्याच्या बदल्यात हातात पडला केसाचा दहावा हिस्सा!

म्हणूनच मला ठामपणे वाटतं, की क्यूच्या लांबीची खरी किंमत नेमाच्या भूमितीत नाही, ती तुमच्या शरीरात आहे. क्यू खांद्यापर्यंत यावा असा जुना ठोकताळा आहे. त्याचं कारण कोपराशी आहे. कोपरापासून मुठीपर्यंतचा हात हा ३८ सेंटिमीटरांचा लंबक माना. टिप बॉलला लागते त्या क्षणी हा लंबक सरळ खाली लोंबत असेल, तर मूठ आडवी जाते, वर नाही आणि खालीही नाही. पण उंच माणसाला आखूड क्यू द्या. शेवट धरूनसुद्धा त्याची मूठ कोपराच्या पुढे येते, समजा ५ सेंटिमीटर. आता मूठ पुढे जाताना वर चढायला लागते, दर सेंटिमीटरला १.३ मिलिमीटर. ब्रिजवर क्यू तराजूच्या दांडीसारखा कलतो, आणि शेवटच्या तीन सेंटिमीटरांत टिप मिलिमीटरभर खाली जाते. बॉलवरची जागा बदलली, की फिरकी बदलली. फिरकी बदलली, की पांढरा ठरल्या जागी थांबत नाही. बुटक्या माणसाच्या हातात लांब क्यू आला, की नेमकं उलटं होतं. मूठ कोपराच्या मागे राहते आणि टिप वर येते. एका इंचाने सरळ नेमात केसाचा दहावा हिस्सा मिळतो, आणि चुकीचा इंच बॉलवरची जागा त्याच्या कितीतरी पटींनी हलवतो!

आणि अंगाला बसणारा क्यू महागच असतो, असंही नाही. स्टीफन हेंड्रीचा क्यू ४० पौंडांचा होता. आजच्या भावाने पाच हजार रुपयांच्या आसपास. पोरवयात घेतलेला तो क्यू घेऊन हा माणूस १९९० ते १९९९ या काळात सात वेळा जगज्जेता झाला.

लांबी नुसती वाढवत नेली, तर काय होतं, याचा पुरावा टेबलाखालीच टांगलेला असतो. हाफ-बट, सात-आठ फुटांचा क्यू! पांढरा टेबलाच्या मध्यात अडकला, की तो काढायचा आणि पुढे हाताऐवजी लांब रेस्ट लावायचा. हिशेबाने इथे मूठ आणि रेस्ट यांच्यात दोन मीटर अंतर पडतं, म्हणजे सूट पाच कागदांहून जास्त. भूमितीच्या कागदावर हा सगळ्यात सोपा शॉट ठरला! पण कुठल्याही खेळाडूला विचारा. हाफ-बट बाहेर काढायची वेळ आली, की त्याचं तोंड उतरतं. कारण हनुवटी क्यूवरून गेली, छाती क्यूपासून सुटली, कोपर बाजूला गेलं, पुढचा हात बॉलजवळ राहिला नाही. लांबीने जे दिलं, ते उभं राहण्याने परत घेतलं, आणि वर व्याजही घेतलं.

तेव्हा खरा खजिना आहे उभं राहण्याच्या पद्धतीत, म्हणजे स्टान्समध्ये. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा उजवा पाय शॉटच्या रेषेवर, डावा जरा पुढे आणि बाजूला. कंबरेतून वाकायचं. पुढचा हात टेबलावर, छाती क्यूला लागलेली, हनुवटी क्यूवर. मागची मूठ धरून चार ठिकाणी शरीर क्यूला पकडून ठेवतं. हा सगळा खटाटोप एवढ्यासाठीच, की मागचा हात एका उभ्या प्रतलात झुलावा. तो पाच अंश कलला तर काय होईल? खांदा मागे न जाता जरा बाहेर आला, कोपर लटकताना पाच अंश तिरकं झालं, एवढंच. दहा सेंटिमीटर झुलताना मूठ १३ मिलिमीटर खाली-वर होते. प्रतल कललं, की त्यातला हिस्सा बाजूला जातो. १.१ मिलिमीटर! आपल्याला माफ किती होते? ०.३. जवळजवळ चौपट! मनगटाने वेळेवर सावरलं नाही, तर पुण्यातला दीड डबा गेला आणि तुम्ही पाचव्या डब्यावर पोचलात. आणि पायाचा पंजा इंचभर चुकीच्या जागी पडला, की खांदा बाहेर यायला तेवढं निमित्त पुरतं.

डोळ्यांचंही तसंच. दोन डोळ्यांत सुमारे ६० मिलिमीटर अंतर, आणि आपली सूट त्याचा दोनशेवा हिस्सा. जो डेव्हिस यांना उजव्या डोळ्याने नीट दिसत नसे, म्हणून ते क्यू डाव्या डोळ्याखाली धरत. १९२७ ते १९४६ या काळात ते १५ वेळा जगज्जेते झाले आणि त्या स्पर्धेत एकदाही हरले नाहीत. १९२७ च्या विजेतेपदाचं बक्षीस होतं साडेसहा पौंड. तेव्हाच्या दराने सुमारे ८७ रुपये! त्यांनी लिहिलेलं पुस्तक पुढे ठेवून बिल डेव्हिस यांनी आपल्या मुलाला, स्टीव्हला, कसं उभं राहायचं ते शिकवलं. दोन डेव्हिस घराण्यांचं नातं काही नाही. नातं फक्त स्टान्सचं! आणि स्टीव्ह सहा वेळा जगज्जेता झाला.

सत्तर किलोंचं शरीर पाचपट नव्हे, पन्नासपट नव्हे, पाचशेपट जड आहे त्या बॉलहून. बॉल सुमारे १४० ग्रॅमचा. पाचशेपट जड यंत्रणा हलू न देता उभी करायची, तीही कधी एकाच पायावर, कारण एक पाय जमिनीला टेकलेला असावाच असा नियम आहे. आणि हे सगळं कशासाठी? टिप आणि बॉल एकमेकांना किती वेळ शिवतात, माहीत आहे? सेकंदाचा हजारावा भाग. तेवढ्या वेळात प्रकाश ३०० किलोमीटर जातो. रस्त्याने मोजलं, तर मुंबईहून पुण्याला जाऊन परत मुंबईत! प्रकाशाला एक पुणे-वारी होते तेवढा वेळ, आणि त्यात सगळा निकाल लागतो. पुढे कितीही मान वाकडी करा, बॉल ऐकत नाही.

हे अंगात मुरवायला किती वाकावं लागतं? एखादा मन लावून खेळणारा रोज चार तास सराव करतो आणि दर अर्ध्या मिनिटाला एक शॉट मारतो, असं धरू. दिवसाला ४८० वेळा वाकणं. वर्षाचे ३०० दिवस, दहा वर्षं. १४ लाख ४० हजार वेळा! प्रत्येक वेळी डोकं सुमारे ६० सेंटिमीटर खाली जातं. सगळं जोडलं, तर त्याचं डोकं ८६४ किलोमीटर खाली उतरलं. चाळीस फुटी विहीर म्हणजे बारा मीटर. बहात्तर हजार विहिरी! तो बहात्तर हजार विहिरी तळापर्यंत उतरला आणि बहात्तर हजार विहिरी चढून वर आला. आणि त्याची मूठ? प्रत्येक शॉटआधी पाच वेळा मागे-पुढे, दर वेळी ४० सेंटिमीटर, म्हणजे शॉटमागे दोन मीटर. दहा वर्षांत २,८८० किलोमीटर! मुंबईहून राजधानीने दिल्ली गाठली, दिल्लीहून परत मुंबई गाठली, तरी शंभरावर किलोमीटर शिल्लक राहतात. आणि या साऱ्या प्रवासात बाजूला जायची परवानगी किती? लांबच्या शॉटला तीन कागदांची!

एवढं करून मिळतं काय? चार टक्के! हसू नका, चार टक्के म्हणजे काय ते बघा. स्नूकरचा पूर्ण ब्रेक १४७ गुणांचा. पंधरा लाल, प्रत्येक लालमागे एक काळा, मग सहा रंगीत. छत्तीस बॉल, ओळीने, एकही न चुकता. प्रत्येक बॉल टाकायची खात्री शंभरात पन्नास असेल, तर छत्तीस ओळीने पडायची शक्यता किती? ६,८७२ कोटींत एक! दर दहा मिनिटांनी एक प्रयत्न करा, झोपू नका, जेवू नका. सरासरी १३ लाख वर्षं लागतील. खात्री ८० टक्के करा. आता ३,०८० प्रयत्नांत एक. बघा, लाखो वर्षं कुठल्या कुठे गेली! नव्वद टक्के: चव्वेचाळीसात एक. पंचाण्णव: सहात एक. आणि नव्व्याण्णव टक्के: दहात सात वेळा! पंचाण्णवपासून नव्व्याण्णवपर्यंतचे ते चार टक्के. पायाचा पंजा योग्य जागी, खांदा मागे, क्यू अंगाला बेतलेला. सगळी मेहनत या चार टक्क्यांसाठी आहे, आणि ती वाया जात नाही.

२१ एप्रिल १९९७ ला शेफील्डच्या क्रुसिबल थिएटरमध्ये रॉनी ओ'सलिव्हनने हे छत्तीस बॉल ५ मिनिटं ८ सेकंदांत टाकले. ३०८ सेकंद. बॉलमागे साडेआठ सेकंद! त्या साडेआठ सेकंदांत चालत जायचं, पाय लावायचा, वाकायचं, हनुवटी टेकवायची, मारायचं, उठायचं. बक्षीस मिळालं १ लाख ६५ हजार पौंड, तेव्हाच्या दराने जवळजवळ एक कोटी रुपये. सेकंदाला तीस हजार रुपयांहून जास्त! जो डेव्हिस यांना १९२७ साली जगज्जेतेपदाचे जेवढे रुपये मिळाले, तेवढे रॉनीने सेकंदाच्या साडेतीनशेव्या भागात मिळवले.

आता शेवटचा पसारा मांडू. टेबल ताणा. एक टोक सीएसएमटीला, दुसरं पुणे स्टेशनला. ३,५६९ मिलिमीटरांचे झाले १२० किलोमीटर. सगळं ३३,६०० पटींनी वाढलं. बॉल केवढा झाला? १,७६० मीटर उंच. कळसूबाई १,६४६ मीटर. महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराहून उंच असा एक लाल गोळा, आणि असे बावीस गोळे हिरव्या पठारावर पसरलेले! एकाचं वजन ५३० कोटी टन. चार हजार टन माल ओढणाऱ्या मालगाड्या लावा. एका बॉलला तेरा लाख गाड्या! पॉकेटचं तोंड २.९ किलोमीटर रुंद. क्यूची टिपच ३२० मीटरांची. आणि क्यू? ४९ किलोमीटर! सरळ रेषेत मोजलं, तर सीएसएमटीपासून कल्याणच्याही पुढे. तो धरणारा माणूस ५९ किलोमीटर उंच. सहा एव्हरेस्ट एकावर एक ठेवून वर आणखी अर्ध्याहून जरा जास्त, किंवा जवळजवळ छत्तीस कळसूबाई एकावर एक. त्याचे पाय अरबी समुद्रात रोवलेले, टेबलाची कड त्याच्या कंबरेशी, समुद्रापासून २९ किलोमीटर उंचावर. तो वाकतो. त्याची हनुवटी ४९ किलोमीटरांच्या त्या क्यूवर टेकते. मागचा हात झुलतो. आणि त्या हाताला बाजूला सरकायची मुभा आहे दहा मीटर. बेस्टच्या एका बसच्या लांबीहून कमी! ४९ किलोमीटर लांब दांडी बसच्या लांबीएवढीही न डगमगता पुढे जाते, कळसूबाईएवढा पांढरा डोंगर साठ किलोमीटर घरंगळत जाऊन कळसूबाईएवढ्या लाल डोंगरावर आदळतो, लाल डोंगर आणखी साठ किलोमीटर जातो आणि पुण्याच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात धाडकन पडतो. खेळाडू उठतो, चॉक घेतो, काळ्याकडे निघतो. साडेआठ सेकंद झाले, एक बॉल पडला, अजून पस्तीस बाकी.